भाजणे (प्रथमोपचार)
भाजणे : उष्णता, वाफ, वीज वा रसायनाने त्वचेला होणारी इजा. केज (जि. बीड) परिसरातील घरांत चूल, उकळते पाणी, तापलेले तेल ही त्याची कारणे [→ त्वचा]. वरचा थर भाजल्यास लाली, त्याखालचा भाजल्यास फोड. त्वचा पूर्ण जळाल्यास जागा पांढरट वा काळपट होऊन बधिर पडते, म्हणून वेदना नसणे हे सुलक्षण नव्हे. बांगड्या-अंगठ्या लगेच उतरवून जखमेवर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. नळ नसल्यास तांब्याने धार धरावी. बर्फ, हळद, शाई, टूथपेस्ट वर्ज्य. फोड न फोडता स्वच्छ कापडाने सैल झाकावे [→ जंतुसंसर्ग]. चेहरा, हात वा सांधा भाजल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. शेजारच्या अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे.