आरसी बुकात नसलेला डबा

जुन्या जीपच्या गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक छोटा ओतीव डबा असतो. कागदोपत्री त्याचं नाव ट्रान्सफर केस. गॅरेजात कुणी त्याला ‘हाय-लो’ म्हणतं, कुणी ‘फोर बाय फोरचा डबा’. तो दोन कामं करतो. गिअरबॉक्समधून आलेली ताकद पुढच्या आणि मागच्या दोन्ही चाकांकडे वाटतो, आणि दुसरा दांडा ओढला की त्याच ताकदीचा वेग कमी करून जोर वाढवतो. हे दुसरं काम करणारा भाग म्हणजे रेंज बॉक्स. आजचा लेख या डब्याबद्दल आहे. नेमका प्रश्न असा: जीपचं मूळ इंजिन आणि गिअरबॉक्स काढून तिथे टेम्पोचा किंवा ट्रकचा गिअरबॉक्स बसवला, तर मागचा हा डबा त्याला जोडायचा कसा? आणि ही जोडणी कुणी, कधी, कशी केली हे संशोधकाने शोधायचं कुठे?

पीएचडीच्या तयारीला लागलेले बरेच जण विचारतात की तंत्रज्ञानाचा इतिहास म्हणजे शोधांचा इतिहास का. अजिबात नाही. डेव्हिड एजर्टन यांचं ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ (२००६) वाचा. शोध कधी लागला यापेक्षा वस्तू कुणी वापरली, कशी टिकवली, कशी बदलली हे बघा, असा त्यांचा आग्रह आहे. भारतापुरतं बोलायचं तर डेव्हिड अर्नोल्ड यांचं ‘एव्हरीडे टेक्नॉलॉजी’ (२०१३) आहे: सायकल, शिलाई मशीन, टाइपरायटर, भात गिरणी. दोन्ही पुस्तकं उत्तम. पण गिअरबॉक्सपर्यंत आपल्यालाच जावं लागतं, आणि तिथे गेलं की कागद संपतात.

आधी पार्श्वभूमी. सातारा-सांगलीला यंत्रं नवीन नाहीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात डिझेल इंजिनं बनली. (हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. राजकीय इतिहासवाल्यांना ते तेवढ्यासाठीच माहीत असतात, ही गंमतच.) १९४७ मध्ये सांगलीत वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं. विहिरीवरचं इंजिन, ऊस, साखर कारखाने, फाउंड्र्या यांमुळे लेथ, शेपर आणि वेल्डिंग सेट तालुक्याच्या गावापर्यंत पोचले. किर्लोस्करांकडे तर १९२० पासून ‘किर्लोस्कर खबर’ होतं, म्हणजे कारखान्याने स्वतःची कहाणी स्वतःच छापून ठेवली. लेथवाल्याकडे असं काही नव्हतं. त्याच्याकडे पाठकोरा कागद आणि खडू. काम झालं की खडू पुसला.

जीप आली ती महायुद्धानंतर. डिस्पोजलमध्ये विकलेल्या लष्करी विलीज जीप एकीकडे, आणि महिंद्राने मुंबईत जुळवायला आणि पुढे बनवायला घेतलेल्या जीप दुसरीकडे. अमेरिकेत सीजे-३बी हे मॉडेल १९६८ मध्ये बंद झालं, आपल्याकडे त्याच साच्याची जीप त्यानंतरही बनत राहिली. इंजिन पेट्रोलचं होतं. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेना आणि डिझेल स्वस्त, तेव्हा लोकांनी इंजिनं बदलायला घेतली. कंपनीनेही तेच केलं: आधी ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंटरनॅशनलचं डिझेल इंजिन, मग पेझोचं. गॅरेजवाल्यांनी जे मिळेल ते बसवलं. मॅटाडोरचं इंजिन त्यासाठी लोकप्रिय होतं. पण मॅटाडोर पुढच्या चाकांवर चालणारी गाडी, त्यामुळे तिचा गिअरबॉक्स जीपच्या कामाचा नाही. म्हणजे इंजिन एका गाडीचं, गिअरबॉक्स दुसरीचा आणि मागचा डबा जीपचा. तिघांची सोयरीक मेस्त्रीने जुळवायची.

आता थोडा हिशेब. कंटाळू नका, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. मूळ जीपच्या तीन-गिअरी बॉक्सचा पहिला गिअर सुमारे २.८ चा, डब्याचा लो २.४६ चा आणि क्राउन-पिनियन ५.३८ चं. तिन्हींचा गुणाकार ३७. म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिन ३७ वेळा फिरतं. हायमध्ये हाच आकडा १५. या १५ आणि ३७ मधल्या फरकावर जीप नांगरटीतून आणि चिखलातून निघते. समजा, मागे ट्रकचा गिअरबॉक्स आला आणि त्याचा पहिला गिअर ६ चा असेल, तर लोमध्ये आकडा ८० च्या घरात जातो. तेवढा जोर जीपच्या सडपातळ शाफ्टला आणि पिनियनच्या दात्यांना पेलत नाही. दात तुटतात.

दुसऱ्या टोकाला वेगाचं दुखणं. पेट्रोल इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घ्यायचं, तेव्हा वरच्या गिअरमध्ये जीप ताशी १०० च्या आसपास पोचू शकत होती. ट्रॅक्टरच्या जातीचं डिझेल इंजिन २,२०० लाच दमतं. तेच क्राउन-पिनियन ठेवलं तर गाडी ५५ वर अडकते. घाटात बैलासारखी ओढते आणि पुणे-बंगळूर रस्त्यावर मागून एसटी हॉर्न देते. म्हणून इंजिन बदललं की विषय इंजिनापाशी थांबत नाही. तो मागे सरकत गिअरबॉक्स, डबा, पिनियन असा चाकापर्यंत जातो.

जोडणीकडे येऊ. जीपमध्ये डबा गिअरबॉक्सच्या पाठीला थेट बोल्टने बसतो. गिअरबॉक्सच्या मुख्य शाफ्टचं शेपूट डब्यात घुसतं आणि त्यावरच डब्याचा पहिला दातेरी गिअर नटाने आवळलेला असतो. दोघांमध्ये सीमारेषा अशी नाहीच. परका गिअरबॉक्स आणला की तीन गोष्टी आडव्या येतात. शाफ्टवरच्या खाचा जुळत नाहीत, शेपटाची लांबी जुळत नाही आणि बेरिंगच्या घरांचे केंद्रबिंदू जुळत नाहीत. पहिल्या दोन गोष्टी डोळ्यांना दिसतात. तिसरी दिसत नाही, आणि गाडी मारते ती तिसरीच. केंद्र केसभर सरकलं तरी गिअर एका बाजूने घासतो, डबा रडायला लागतो आणि काही महिन्यांत बेरिंग जातं.

यावर उपाय दोन. एक म्हणजे जाड पोलादी पट्टीची अ‍ॅडाप्टर प्लेट लेथवर काढायची, एका तोंडाला ट्रकच्या गिअरबॉक्सची भोकं, दुसऱ्या तोंडाला डब्याची. आणि दोन शाफ्टमध्ये आतून खाचा असलेली बाही घालायची. काम नेटकं होतं, पण लेथवाला चोख लागतो. दुसरा उपाय म्हणजे डबा गिअरबॉक्सपासून सोडवून चासीवर वेगळा टांगायचा आणि मध्ये दोन क्रॉस असलेला छोटा शाफ्ट टाकायचा. केंद्र थोडं हललं तरी क्रॉस सांभाळून घेतात. दोन्ही टोकांचे कोन मात्र सारखे हवेत, नाहीतर शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा झटका देतो आणि सगळी गाडी थरथरते.

हा दुसरा उपाय देशी जुगाड म्हणून खपवला जातो, आणि तिथे माझं भांडण आहे. महायुद्धातल्या जीएमसीच्या अडीच टनी ट्रकमध्ये आणि डॉजच्या पाऊण टनी गाडीत डबा कंपनीनेच वेगळा टांगलेला होता, मध्ये छोटा शाफ्ट घालून. म्हणजे थेट जोडायचा की सोडून टांगायचा, ही दोन्ही उत्तरं लष्करी गाड्यांमध्ये शेजारी शेजारी उभी होती आणि त्या गाड्या आपल्याकडे डिस्पोजलमध्ये विकल्या गेल्या. आपल्या मेस्त्रींनी ते बघून घेतलं की स्वतःच्या डोक्याने काढलं, हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे. ‘जुगाड’ हा शब्द वापरला की तो प्रश्नच गिळला जातो. प्रबंधात तो शब्द वापरायचाच असेल, तर तो कोण, कुणाबद्दल वापरतंय हे आधी लिहा.

तुलनेसाठी अमेरिका बघा. तिथे १९७० च्या दशकात न्यू प्रोसेस २०३ नावाचा डबा ट्रकमध्ये आला, कायम चारही चाकं चालवणारा. त्याचा रेंज बॉक्स वेगळा सुटतो. हौशी मंडळींनी साखळीचा मागचा भाग टाकून दिला, पुढचा रेंज बॉक्स ठेवला आणि तो गिअरबॉक्स व दुसऱ्या डब्याच्या मध्ये बसवला. दोन लो एकापाठोपाठ, म्हणजे जवळपास चौपट जोर. तो वेगळ्या कंपनीच्या गिअरबॉक्सला लावायचा तर तेच दुखणं: खाचा, लांबी, केंद्र. तिथे त्यासाठी तयार अ‍ॅडाप्टर विकणाऱ्या कंपन्या निघाल्या, त्यांचे कॅटलॉग छापले गेले, आणि कॅटलॉग म्हणजे इतिहासकाराला आयतं दप्तर. शिवाय तिथे खडकावर चढायची हौस होती. इथे वडाप होतं.

वडाप हा शब्द सातारा-सांगली-कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी: माणसं कोंबून, सीटवर भाडं घेऊन चालणारी खाजगी जीप. एसटी १९४८ मध्ये सुरू झाली, पण वाडीवस्तीवर दिवसातून एखादीच फेरी. मधल्या वेळात बाजार, दवाखाना, कॉलेज सगळं वडापवर. वडापवाल्याला चार चाकं चालवायची नसतात, त्याला डिझेल वाचवायचं असतं. म्हणून जोडण्याऐवजी डबा काढूनच टाकायचा मोह होतो. आणि डबा काढला की काय जातं? जुन्या जीपचा हातब्रेक चाकावर नसतो, तो या डब्याच्या मागच्या तोंडावर असतो, एका ड्रममध्ये. डबा गेला की हातब्रेक गेला, तो दुसरीकडे बसवला नाही तर. शिवाय मागचा डिफ्रेन्शिअल डब्याच्या बाजूला सरकवून बसवलेला असतो. मग गिअरबॉक्समधून निघालेला सरळ शाफ्ट तिरपा धावतो आणि क्रॉस लवकर खातो. ज्या जीपमध्ये दहा-बारा माणसं बसून कुंभार्ली किंवा पसरणी घाट उतरायची, तिच्याखाली हा प्रश्न होता. म्हणून गॅरेजातलं ते काम चांगलं झालं की वाईट हे लिहायला इतिहासकाराने लाजू नये. ‘स्थानिक कल्पकता’ म्हणून सगळंच गोड करून टाकायची एक फॅशन आहे. चांगलं जोडलेला डबा आणि कसातरी जोडलेला डबा यातला फरक गाडीत बसलेल्या माणसाला कळत होता.

आता पुराव्यांचं. मोटार कायद्यानुसार आरसी बुकात इंजिन नंबर, चासी नंबर, इंधन, सिलिंडर, व्हीलबेस, आसनं, रिकाम्या गाडीचं वजन हे सगळं असतं. म्हणून पेट्रोलचं डिझेल झालेलं कागदावर सापडू शकतं. १९८८ च्या कायद्याच्या कलम ५२ ने कंपनीने ठरवलेल्या तपशिलाविरुद्ध बदल करायला बंदी केली आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे वाचलं. गिअरबॉक्सला मात्र आरसी बुकात रकानाच नाही. डब्यालाही नाही. इंजिन कागद मागे ठेवून जातं, गिअरबॉक्स ठेवत नाही. यामुळे अभ्यासांत ‘इंजिन बदलणं’ एवढंच दिसतं आणि सगळ्यात अवघड काम, म्हणजे मधली जोडणी, गायब होतं. पुरावे कमी म्हणून घटना कमी असा निष्कर्ष काढणं हा नवख्या संशोधकाचा नेहमीचा घात आहे.

मग काय वाचायचं? लोखंड. प्लेटवरची भोकं बघा: एखाद्या भोकाशेजारी दुसरं, भरून काढलेलं भोक असेल तर ती प्लेट आधी दुसऱ्या गिअरबॉक्ससाठी होती, किंवा पहिला प्रयत्न फसला होता. वेल्डिंगची शिवण बघा, लेथच्या हत्याराच्या रेघा बघा, बाहीच्या खाचा कापलेल्या आहेत की जुन्या शाफ्टमधून तोडून जोडलेल्या आहेत ते बघा. सोबत व्हर्नियर, फोटोसाठी पट्टी आणि ज्याने हे काम केलं त्या मेस्त्रीचा वेळ हवा. मुलाखतीत ‘तुम्ही हे कसं शिकलात’ विचारू नका, उत्तर ‘बघून बघून’ येतं. डबा समोर ठेवा आणि विचारा, हे भोक इथे का?

डिसेंबर २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून बनवलेली, किक मारून सुरू होणारी छोटी जीप देशभर गाजली. महिंद्राने त्याला नवी बोलेरो देऊन ती गाडी स्वतःकडे संग्रहात घेतली. ती एक गाडी वाचली. बाकीच्या डब्यांचं ओतीव लोखंड चांगल्या भावाने जातं: भंगारवाला वजनावर घेतो, फाउंड्रीच्या भट्टीत टाकतो आणि त्यातून पंपाची बॉडी निघते. एमएच-१०, एमएच-११ किंवा एमएच-५० ची एखादी उंच बॉनेटची जीप गॅरेजामागे गवतात उभी दिसली, तर मालकाला विचारून आधी खाली वाका.