घरगुती विमान विकणे आहे

बँकेच्या कर्जविभागात उमेद घालवलेल्या आमच्यासारख्या कारकुनाला जगातल्या प्रत्येक वस्तूचे दोनच भाग दिसतात : वस्तू आणि तिची कागदं. नांदेडात सेकंडहँड स्कूटर विकायला काढा, गिऱ्हाईक आधी टायर दाबून बघतं आणि मग विचारतं, "कागदं हायत का?" आता घरी बनवलेलं विमान विकायला काढलं तर? हसू नका मंडळी. अमेरिकन लष्करानं घेतलेलं पहिलं विमान असंच घरगुती होतं. वर दोन सीटांचं!

विकणारे राइट बंधू. डेटन गावी त्यांचं सायकलचं दुकान. १७ डिसेंबर १९०३ ला यंत्र पहिल्यांदा उडालं ते १२ सेकंद; १९०५ च्या ऑक्टोबरात त्यांनी २४ मैल काटले. त्या वर्षी युद्धखात्याला दोनदा लिहिलं, विमान घेता का? उत्तराचा मथितार्थ असा, की प्रयोगांना पैसे द्यायची आमची पद्धत नाही. माणूस घेऊन उडणारं यंत्र आधी तयार करा, मग बघू. यंत्र तर उडून बसलं होतं! पण आवक-बारनिशीत त्याची नोंद नव्हती, त्याला कोण काय करणार?

बरं, हे भाऊही कमी नव्हते. गिऱ्हाईक म्हणे, दाखवा मग घेतो. हे म्हणत, करार करा मग दाखवतो. कोणी नक्कल करील या धास्तीनं ते अडीच वर्षं उडालेच नाहीत.

शेवटी डिसेंबर १९०७ मध्ये टेंडर निघालं. दोन माणसं, ताशी ४० मैल, एक तास हवेत. शिवाय सुटं करून लष्करी गाडीत घालता यावं आणि तासाभरात पुन्हा जोडता यावं. टेंडरं आली ४१. राइटांचा भाव २५,००० डॉलर. एका सद्गृहस्थाचा फक्त १,०००! स्वस्तातलं टाळता येईना, म्हणून तिघांचं मंजूर केलं. हजारवाल्यानं अंग काढून घेतलं, दुसऱ्याला विमान देता आलं नाही.

१९०८ च्या चाचणीत मात्र विमान कोसळलं. शेजारी बसलेले लेफ्टनंट सेल्फ्रिज गेले, ऑर्व्हिल जबर जखमी झाला. तरी पुढच्या जुलैत तो पुन्हा उडाला. वेग भरला ४२ मैलांवर. बक्षिसासह ३०,००० डॉलर हाती पडले. ॲक्सेसरीज म्हणाल, तर विमान तिरकं सरकतंय का हे कळायला हे भाऊ समोर एक दोरा बांधत!

आपल्याकडे कॅप्टन अमोल यादवांनी मुंबईत कांदिवलीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. नोंदणीचा कागद हातात पडला नोव्हेंबर २०१७ मध्ये. म्हणजे शंभर वर्षांत विमानं सुधारली, बारनिशी आहे तिथंच आहे.

तसा कागदाचा मला राग नाही. पोट त्याच्यावरच आहे. आणि सेल्फ्रिजची आठवण ठेवली तर तपासणी हवीच. पण मूल्यांकनाच्या फॉर्मात इंजिन, सांगाडा, घसारा असे रकाने असतात. उडता येत असून अडीच वर्षं जमिनीवर बसून राहिलेल्या माणसाचा रकाना मी अजून कुठल्या फॉर्मात पाहिलेला नाही.