जे. जे.मधलं ग्लिसरॉल आणि सिस्टरच्या हातातली बाटली

आज समोर बीड, अंबाजोगाई, केजकडच्या नर्सिंगच्या विद्यार्थिनी बऱ्याच दिसतायत, तेव्हा त्यांना पाठ असलेल्या गोष्टीपासूनच सुरुवात करू. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. 'फाइव्ह राइट्स'. हे घोकून घेतात ते बरोबरच आहे. पण आपल्याच राज्यात एक प्रसंग असा घडला की, वॉर्डातल्या सिस्टरच्या बाजूनं पाहिलं तर यातलं काहीही चुकलेलं नव्हतं, आणि तरी १४ रुग्ण गेले.

साल १९८६, जानेवारी-फेब्रुवारीचे दिवस, मुंबईचं जे. जे. रुग्णालय. डोळ्याच्या आतला किंवा मेंदूवरचा दाब उतरवायला तेव्हा ग्लिसरॉल पोटातून देत असत. ते रक्तात उतरलं की सुजलेल्या भागातलं पाणी ओढून घेतं. जुनं, सगळ्यांच्या ओळखीचं औषध. पण या रुग्णांची मूत्रपिंडं एकामागून एक निकामी व्हायला लागली. कुणी डोळ्यासाठी दाखल झालेलं, कुणी मेंदूच्या दुखण्यासाठी. मूत्रपिंडाची तक्रार घेऊन आलेले हे रुग्ण नव्हतेच. शोध घेतल्यावर कळलं की त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल होतं.

हे द्रव्य कारखान्यात वापरायचं. रंग नाही, दाट, चवीला गोड. म्हणजे अगदी ग्लिसरॉलसारखंच, आणि स्वस्त. ते शरीरात गेलं की त्यापासून तयार होणारं आम्ल मूत्रपिंडाच्या पेशी मारतं. बाटली उजेडात धरा, वास घ्या, लेबल तीनदा वाचा, काही कळणार नाही. ते कळतं फक्त प्रयोगशाळेत.

न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगानं याची चौकशी केली. अहवालात ठपका आला तो माल पुरवणाऱ्यांपासून रुग्णालयाची खरेदी, अन्न व औषध प्रशासन आणि मंत्रालयापर्यंत. आम्हाला या अहवालाचं मोठेपण वाटतं ते इथं. आपल्याकडे चौकशी बहुधा सगळ्यात खालच्या पायरीवर येऊन थांबते. ही पायऱ्या चढत गेली.

बरं, हे विष नवीन होतं का? नाही. १९३७ साली अमेरिकेत याच द्रव्यात विरघळवलेल्या सल्फा औषधानं शंभरावर माणसं मेली, त्यात मुलं पुष्कळ. पुढच्याच वर्षी तिथं कडक कायदा झाला. आपलाही औषध कायदा १९४० चा. म्हणजे जे. जे.च्या वेळी कायदा ४६ वर्षांचा होता. आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची लहान मुलं खोकल्याच्या औषधानं मूत्रपिंडं बिघडून उपचाराला आपल्या नागपुरात आणली गेली, तेव्हाही त्या औषधात डायएथिलिन ग्लायकॉलच सापडलं. वीसहून जास्त मुलं दगावली.

याच्या उलट एक प्रसंग सांगतो, म्हणजे 'लेबल वाचून काय उपयोग' असं कुणी म्हणायला नको. ३१ जानेवारी २०२१, पोलिओचा रविवार. यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या एका गावात १२ बालकांना डोसाऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलं वाचली, तिघांवर निलंबनाची कारवाई झाली. कोरोनामुळं तेव्हा लसीकरणाच्या टेबलावरही सॅनिटायझर आलं होतं. इथं बाटली हातात घेऊन नाव वाचलं असतं तर गोष्ट तिथंच थांबली असती.

मग जे. जे.सारख्या प्रसंगात सिस्टरच्या हातात काय उरतं? आमच्या मते दोन गोष्टी, आणि दोन्ही कंटाळवाण्या. एक इनटेक-आउटपुटचा तक्ता. मूत्रपिंड बिघडलं की लघवी कमी झालेली आधी त्या रकान्यात दिसते. तो तक्ता शिफ्ट संपताना अंदाजानं भरला, तर ती खूण गेलीच. शेजारच्या दोन खाटांवर एकाच दिवशी आकडा घसरला, तर लगेच बोलायचं. राउंडची वाट बघायची नाही.

दुसरी गोष्ट बॅच नंबर. तो नोंदलेला असेल तरच खराब माल कुठल्या वॉर्डात, कुठल्या गावात गेला ते शोधता येतं. आता आपल्या जिल्ह्याचं बघा. दिवाळीच्या आसपास कोयते बाहेर पडतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. जाताना आरोग्य केंद्रातून बीपीच्या, शुगरच्या गोळ्या नेतात. आपण पाकीट कापून दहातल्या सहा गोळ्या देतो. बॅच आणि मुदत छापलेली असते पाकिटाच्या एका टोकाला. ते टोक बहुतेक वेळा आपल्याच डब्यात राहतं. उसाच्या फडात बसलेल्या बाईच्या हातात राहतो नाव नसलेला चकचकीत कागद. तिला तिथं त्रास झाला, तर तिकडच्या डॉक्टरनं काय वाचायचं? पाकीट अख्खं देता येत नसेल तर नाव, बॅच, मुदत पेननं तिच्या कार्डावर लिहून द्या. अर्धं मिनिट लागतं.

प्रश्न असतील तर आता घेऊ.