गाण्याचा ‘तो’ क्षण येण्याआधीच मेंदूत काय होतं?

गाणं ऐकताना आपला मेंदू पुढच्या सुराचा अंदाज बांधत असतो. अनपेक्षित कॉर्ड वाजली, तर साधारण २०० मिलिसेकंदांत ईईजीमध्ये वेगळा प्रतिसाद दिसतो. तोही संगीत न शिकलेल्या लोकांमध्येसुद्धा.

२०११ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांना अंगावर शहारे आणणारं त्यांच्या आवडीचं संगीत ऐकवून त्यांचे मेंदू स्कॅन केले. शहारे येण्याआधी, म्हणजे वाट पाहतानाच, मेंदूच्या ‘कॉडेट’ भागात डोपामिन हे रसायन स्रवलं. ऐन क्षणी ते ‘अक्युम्बन्स’ या दुसऱ्या भागात स्रवलं.

थोडक्यात, वाट पाहणं हासुद्धा गाण्याच्या आनंदाचाच भाग आहे. रीलमध्ये थेट हुक ऐकलं की नेमकं तेच कापलं जातं. म्हणून आवडतं गाणं कधीतरी फॉरवर्ड न करता पहिल्यापासून ऐकून बघा!