चित्रकारांच्या सहली आणि शेतजमिनीचे संरक्षण : ब्रँडिवाइन खोऱ्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : निसर्गचित्रण, शेतजमीन, सुविधाधिकार, ब्रँडिवाइन, भूसंवर्धन न्यास

प्रस्तावना

निसर्गचित्रणाचा इतिहास बहुधा चित्रकार, शैली आणि चित्रे यांच्या अंगाने लिहिला जातो. चित्रकार ज्या जमिनीवर उभा राहून चित्र रंगवतो ती जमीन कोणाची, तिच्यावर कोण राबतो आणि चित्र पूर्ण झाल्यानंतर तिचे काय होते, हे प्रश्न त्या इतिहासात क्वचितच विचारले जातात. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातून डेलावेअर राज्यात वाहत जाणाऱ्या ब्रँडिवाइन नदीचे खोरे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे चित्रकलेचे विद्यार्थी समूहाने बाहेर पडून चित्रे काढू लागले आणि पुढे याच खोऱ्यातील शेतजमिनींना कायमस्वरूपी कायदेशीर संरक्षण लाभले. या दोन घटनांचा परस्परसंबंध तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. चित्रकारांमुळे भूमीला नाव मिळते. परंतु केवळ नावामुळे ती वाचत नाही, ही या निबंधाची मुख्य भूमिका आहे.

पार्श्वभूमी : फोंतेनब्लो आणि शिनेकॉक

उघड्यावर बसून तैलचित्र रंगवणे सुलभ झाले ते १८४१ नंतर. त्या वर्षी जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने रंग भरण्याच्या धातूच्या नळीचे एकस्व मिळवले. फ्रान्समधील बार्बिझों या खेड्यात जमणाऱ्या चित्रकारांनी फोंतेनब्लोच्या जंगलात समूहाने चित्रण केले आणि तेथील जुन्या वृक्षांच्या तोडीस विरोध केला. थिओडोर रूसो हे त्यांतील प्रमुख होत. १८६१ च्या शासकीय हुकुमान्वये या जंगलाचे १,०९७ हेक्टर क्षेत्र कलात्मक कारणासाठी राखीव ठेवण्यात आले. चित्रकारांच्या आग्रहाने भूमीला संरक्षण मिळाल्याचे हे आरंभीचे उदाहरण होय. तथापि ही भूमी सरकारी जंगलाची होती. शेजारच्या शेतात राबणारा शेतकरी चित्रात आला, पण हुकुमात आला नाही.

याउलट उदाहरण न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंडवर आढळते. विल्यम मेरिट चेस यांनी १८९१ ते १९०२ या काळात शिनेकॉक येथे उघड्यावरील चित्रणाची उन्हाळी शाळा चालवली. तेथे उन्हाळी निवासासाठी येणाऱ्या धनिक मंडळींनी ही शाळा उभी करण्यात पुढाकार घेतला होता. सॅम्युअल पॅरिश हे त्यांपैकी एक होत. त्याच सुमारास स्थापन झालेल्या शिनेकॉक हिल्स गोल्फ क्लबच्या संस्थापकांतही त्यांची गणना होते. ज्या टेकड्या विद्यार्थ्यांनी रंगवल्या त्या १८५९ मध्येच शिनेकॉक या मूळनिवासी जमातीच्या हातून गेल्या होत्या. पुढे त्यांचा बराच भाग बंगले व मैदाने यांनी व्यापला. एखादा भूप्रदेश रमणीय म्हणून प्रसिद्ध होणे आणि त्याच्या जमिनीला गिऱ्हाईक मिळणे या गोष्टी परस्परांपासून फार दूर नसतात, हे यावरून दिसते.

हॉवर्ड पाइल यांची उन्हाळी शाळा

ब्रँडिवाइन खोऱ्यातील परंपरेचा आरंभ चित्रकार हॉवर्ड पाइल (१८५३-१९११) यांच्यापासून होतो. फिलाडेल्फिया येथील ड्रेक्सेल संस्थेत ते कथाचित्रणाचे अध्यापन करीत. १८९८ च्या उन्हाळ्यात त्यांनी निवडक विद्यार्थ्यांना चॅड्स फोर्ड या खेड्यात आणले. तेथील एका जुन्या पिठाच्या गिरणीत वर्ग भरत आणि परिसरातील शेते, कोठारे, ओढे व नदीकाठ येथे प्रत्यक्ष चित्रण चाले. फ्रँक स्कूनओव्हर, बर्था कॉर्सन डे, सारा स्टिलवेल यांसारखे विद्यार्थी या परंपरेत घडले. स्त्रियांनाही या वर्गात स्थान होते, ही बाब त्या काळाच्या संदर्भात नोंदवण्याजोगी आहे. १९०० मध्ये पाइल यांनी ड्रेक्सेल संस्था सोडून विल्मिंग्टन येथे स्वतःची शाळा काढली. चॅड्स फोर्डचे उन्हाळी वर्ग १९०३ पर्यंत सुरू राहिले.

या स्थळाच्या निवडीमागे ऐतिहासिक कारणही होते. ११ सप्टेंबर १७७७ रोजी अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील ब्रँडिवाइनची लढाई याच परिसरात झाली. अमेरिकेचा इतिहास रंगवणाऱ्या पाइल यांना ही शेते म्हणजे त्या इतिहासाची रंगभूमी वाटत असल्यास नवल नाही. मात्र ही रंगभूमी रिकामी नव्हती. तेथे पेरणी, कापणी व दूधदुभत्याचे व्यवहार चालू होते आणि चित्रकार तेथे पाहुणे होते.

चित्रकार आणि शेतकरी : कर्नर यांचे शेत

पाइल यांचे शिष्य एन. सी. वाइथ (१८८२-१९४५) यांनी 'ट्रेझर आयलंड' या कादंबरीच्या चित्रांतून मिळालेल्या पैशातून १९११ मध्ये चॅड्स फोर्ड येथे जमीन घेतली व तेथेच वास्तव्य केले. त्यांचे पुत्र अँड्र्यू वाइथ (१९१७-२००९) किशोरवयातच जवळच्या एका शेतावर जाऊ लागले. हे शेत कार्ल कर्नर या जर्मनीहून आलेल्या शेतकऱ्याचे होते. कर्नर कुटुंबाने या तरुण चित्रकाराला शेतात, गोठ्यात आणि घरातही मुक्त प्रवेश दिला. सुमारे सत्तर वर्षे हे शेत त्यांच्या चित्रांचा विषय राहिले. १९४५ मध्ये या शेतानजीकच्या रेल्वे फाटकावर एन. सी. वाइथ व त्यांचा लहान नातू यांचा अपघाती मृत्यू झाला. त्यानंतर अँड्र्यू यांनी रंगवलेल्या 'विंटर १९४६' या चित्रात कर्नर यांच्या शेतातील टेकडी आहे. एका कुटुंबाचे दुःख दुसऱ्या कुटुंबाच्या जमिनीवर असे कायमचे नोंदले गेले.

येथे कोणताही करार नव्हता, होती ती केवळ मालकाची संमती. संमतीवर उभे असलेले हे नाते मालक बदलताच संपुष्टात येऊ शकते, हाच पुढील काळातील खरा प्रश्न होता.

१९६७ चा प्रसंग आणि सुविधाधिकार

१९६० च्या दशकाच्या मध्यास चॅड्स फोर्ड परिसरात नदीच्या पूरक्षेत्रावर औद्योगिक बांधकाम होण्याचा धोका निर्माण झाला. तेव्हा स्वतः चित्रकार असलेले जॉर्ज वेमाउथ व त्यांचे सहकारी यांनी जमीन विकत घेऊन १९६७ मध्ये ब्रँडिवाइन कॉन्झर्व्हन्सी ही संस्था स्थापन केली. १९७१ मध्ये तिने १८६४ सालच्या एका पिठाच्या गिरणीत कलासंग्रहालय सुरू केले. जमीन आणि चित्रे या दोहोंचे जतन एकाच संस्थेने करणे, हे तिचे वेगळेपण होय. संस्थेचा युक्तिवाद केवळ सौंदर्याचा नव्हता. नदीचे पाणी अनेक वस्त्यांना पिण्यासाठी लागत असल्याने पूरक्षेत्र मोकळे राहणे हा लोकांच्या गरजेचा प्रश्न होता.

सर्व जमीन विकत घेणे शक्य नव्हते. म्हणून १९६९ पासून संस्थेने नदीकाठच्या जमिनींसाठी संवर्धन सुविधाधिकाराचा मार्ग अवलंबिला. यात जमीन मालकाकडेच राहते. तो ती कसू शकतो, विकू शकतो, वारसांना देऊ शकतो. परंतु तिचे भूखंड पाडून बांधकाम करण्याचा हक्क तो नोंदणीकृत दस्ताने कायमचा सोडतो. आपल्याकडील सातबाराच्या उताऱ्यावर 'इतर हक्कां'च्या रकान्यातील बोजा जसा नव्या मालकावरही राहतो, तशी ही अट जमिनीसोबत चालत जाते. १९८४ मध्ये टेक्सासमधील किंग रँच या कंपनीच्या मालकीचे या भागातील ५,००० एकरांहून मोठे कुरणक्षेत्र संरक्षणाखाली आणण्यात संस्थेला यश आले. कर्नर कुटुंबाने आपले शेत १९९९ मध्ये संस्थेच्या स्वाधीन केले आणि २०११ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. पूर्वी एका शेतकऱ्याच्या शब्दावर मिळणारा प्रवेश आता संस्थेच्या नियमांनुसार मिळू लागला.

संरक्षित शेतावरील सहलींचे स्वरूप

कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात या नात्याला आणखी एक वळण मिळाले. तेथे दुग्धव्यवसाय करणाऱ्या एलेन स्ट्राउस आणि जीवशास्त्रज्ञ फिलिस फेबर यांनी १९८० मध्ये केवळ शेतजमिनीसाठी कार्य करणारा अमेरिकेतील पहिला भूसंवर्धन न्यास स्थापन केला. या न्यासाने संरक्षित केलेल्या खाजगी कुरणांवर चित्रकारांना समूहाने नेण्यात येई व तेथे रंगवलेल्या चित्रांचे 'रँचेस अँड रोलिंग हिल्स' हे प्रदर्शन भरे. विक्रीच्या रकमेचा निम्मा भाग न्यासाच्या कार्यासाठी दिला जाई. ज्या जमिनीचे चित्र, तिच्याच रक्षणासाठी त्या चित्राचे मोल, अशी ही रचना होती. बार्बिझोंच्या चित्रकारांनी शासनाकडे दाद मागितली होती. येथे चित्रकार स्वतः खर्चाचा वाटेकरी झाला.

मर्यादा

या इतिहासाची दुसरी बाजूही लक्षात घेणे आवश्यक आहे. विकासहक्क दान करणाऱ्यास करात सवलत मिळते. तिचा लाभ ज्याचे उत्पन्न मोठे त्यालाच अधिक होतो. ज्याची सर्व पुंजी जमिनीतच आहे अशा लहान शेतकऱ्याला दान परवडत नाही. ही उणीव सार्वजनिक निधीनेच भरून निघू शकते. पेनसिल्व्हेनियातील मतदारांनी १९८७ मध्ये १० कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना संमती दिली आणि त्यानंतर शासनाने शेतकऱ्यांकडून हे हक्क मोबदला देऊन घेण्यास प्रारंभ केला. न्यूयॉर्कच्या सफोक परगण्याने १९७४ मध्येच असे पाऊल उचलले होते. शिनेकॉकच्या टेकड्या त्याच परगण्यात आहेत, ही बाब सूचक आहे.

दुसरी मर्यादा दृष्टीची आहे. शेत हे चित्र म्हणून जपले गेले तर ते चित्रासारखेच स्थिर राहावे अशी अपेक्षा निर्माण होते. शेतकऱ्याला मात्र नवे गोठे, नवी पिके व नवी यंत्रे लागतात. शिवाय ब्रँडिवाइनचे खोरे हे वसाहतपूर्व काळात लेनापे लोकांची भूमी होते. रम्य चित्रांत त्यांच्या विस्थापनाची खूण उरलेली नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, शिनेकॉक आणि चॅड्स फोर्ड या दोन्ही ठिकाणी जवळपास एकाच काळात विद्यार्थ्यांचे समूह उघड्यावर चित्रे काढत होते. दोन्ही ठिकाणच्या भूमीला कलेने प्रतिष्ठा दिली. त्यांच्या पुढील वाटा भिन्न झाल्या त्या चित्रांच्या गुणवत्तेमुळे नव्हेत. एका ठिकाणी ती प्रतिष्ठा जमिनीच्या व्यवहाराला पोषक ठरली, तर दुसऱ्या ठिकाणी वेळीच उभी राहिलेली संस्था, कायद्याचे साधन आणि हक्क सोडण्यास राजी झालेले जमीनमालक एकत्र आले. निसर्गचित्रणाच्या इतिहासात चित्रकाराच्या स्वाक्षरीला मोठे महत्त्व आहे. ब्रँडिवाइनच्या इतिहासात दस्तावर सही करणाऱ्या शेतकऱ्यालाही तितकेच महत्त्व द्यावे लागते.