तळेगावची राख

मराठी ऐतिहासिक कादंबरीत युद्ध म्हटले की समशेर आलीच. जाळपोळ येते तीही बहुधा शत्रूच्या हातची. आमच्या तळेगाव दाभाड्याचा इतिहास या सवयीला अडचणीचा आहे. जानेवारी १७७९ मध्ये रघुनाथरावांना घेऊन इंग्रज फौज येथे पोचली, तेव्हा गाव आधीच जळालेले होते. जाळले होते मराठ्यांनीच, शत्रूला दाणावैरण मिळू नये म्हणून. डाव अचूक ठरला. दोनच दिवसांत इंग्रजांनी जड तोफा तळ्यात ढकलल्या, सामान पेटवले आणि रातोरात माघार घेतली. पुढे वडगावला त्यांना तह करावा लागला. हा विजय आम्हीही वर्गात अभिमानाने सांगतो.

विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’ने (१९८८) छावणीची उपासमार मांडली, हे तिचे मोठेपण. पण तेथे कोंडी शत्रूने केली होती. आपल्याच सरकारच्या चुडीने घर गमावलेल्या रयतेने शिव्या कोणाला द्यायच्या? रक्ताची वर्णने (ती हल्ली सढळ असतात) या प्रश्नापर्यंत पोचत नाहीत. कणगीला चूड लावणारा कदाचित मावळातलाच असेल. आतले भात कोणत्या खाचरातले, हेही त्याला ठाऊक असेल. आम्हांला वाचायची आहे ती त्याची कादंबरी.