पहिली राइड झाली, आता खरं काम : जॉन ब्रिटनची घरी बनवलेली बाईक

आज जायचंय १९९२ च्या मार्चमध्ये, अमेरिकेतल्या फ्लोरिडात, डेटोनाच्या रेस ट्रॅकवर. रेसच्या आदल्या रात्रीची वेळ आहे. न्यूझीलंडहून, म्हणजे साधारण तेरा हजार किलोमीटरवरून आलेली काही माणसं एका बाईकचं इंजिन उघडून बसलीत. गुलाबी आणि निळ्या रंगाची बाईक, अशी बाईक तिथे कुणी पाहिलेली नाही. दुकाती किंवा होंडाच्या शोरूममध्ये ही मिळत नाही, कारण ही घरी बनवलीय. घरी म्हणजे अगदी घरीच. आणि उघडल्यावर दिसतं काय, तर सिलिंडरच्या लायनरला तडा गेलाय.

लायनर म्हणजे ज्या नळकांड्यात पिस्टन वरखाली धावतो, त्याचं अस्तर. ते कंपनीच्या बाईकचं असतं तर सप्लायरला फोन गेला असता, नवा भाग आला असता. इथे सप्लायर स्वतःच हातात टॉर्च घेऊन इंजिनात डोकावत उभा होता. त्याचं नाव जॉन ब्रिटन.

मग त्यांनी तो तडा वेल्ड केला. ऐकायला सोपं वाटतं, पण विचार करा. वेल्डिंगच्या उष्णतेने धातू वाकतो, आणि लायनरचा आतला गोल केसाच्या जाडीपेक्षाही कमी फरकाने बिघडला तरी पिस्टन अडकू शकतो. म्हणजे वेल्ड करा, पुन्हा आतून घासून नीट गोल करा, जोडा, मग सगळं इंजिन परत बंद करा. रात्रभर हेच चाललं. सकाळी बाईक स्टार्ट लाइनवर उभी होती.

पण त्या रेसकडे येण्याआधी थोडं मागे जाऊ.

जॉन ब्रिटनचा जन्म १९५० चा, क्राइस्टचर्चचा. त्याला डिस्लेक्सिया होता, वाचणं-लिहिणं जड जायचं. यंत्रांचं मात्र वेड. शाळकरी वयात एका मित्राबरोबर त्याने खड्ड्यात पडलेली एक जुनी इंडियन स्काउट बाईक ओढून काढली आणि चालू केली. हे नाव ऐकून आपल्या लोकांचा नेहमी गोंधळ होतो, म्हणून सांगतो. इथे 'इंडियन'चा आपल्याशी काही संबंध नाही, ती अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावची जुनी मोटरसायकल कंपनी. आणि याच स्काउटमुळे न्यूझीलंडच्या आणखी एका अवलियाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

बर्ट मन्रो. जन्म १८९९. याच्याकडे १९२० ची स्काउट होती, मुळात ताशी नव्वद किलोमीटरच्या आतबाहेर पळणारी. १९२६ पासून या माणसाने ती सुधारायला घेतली आणि पुढची चाळीस वर्षं थांबलाच नाही. पिस्टन स्वतः ओतायचा, कनेक्टिंग रॉड ट्रॅक्टरच्या अॅक्सलमधून घडवायचा. १९६७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, अमेरिकेतल्या बोनव्हिलच्या मिठाच्या पठारावर त्याने त्याच बाईकवर ताशी १८३.५८६ मैलांचा, म्हणजे २९५ किलोमीटरच्या वरचा विक्रम केला. अँथनी हॉपकिन्सचा २००५ चा सिनेमा तुम्ही कदाचित पाहिला असेल, तो याच्यावरच आहे. एक गंमत ऐका. त्या विक्रमाची सरासरी काढताना चूक झालेली होती, ती २०१४ मध्ये सापडली आणि आकडा १८४.०८७ झाला. मन्रो जाऊन तोवर ३६ वर्षं झाली होती. म्हणजे माणूस गेल्यावरही त्याच्या बाईकचा वेग वाढला!

मन्रोची पद्धत होती एकच बाईक धरून ठेवायची आणि आयुष्यभर तिचा एकेक भाग बदलत राहायचं. ब्रिटनचा स्वभाव वेगळा. मला तो जास्त ओळखीचा वाटतो, कारण आमच्या ऑफिसात हा वाद दर सहा महिन्यांनी होतो : जुनाच कोड दुरुस्त करत राहायचा, की सगळं नव्याने लिहायचं?

ब्रिटनने सुरुवातीच्या बाईकमध्ये डेन्को नावाचं न्यूझीलंडमध्येच बनलेलं व्ही-ट्विन इंजिन वापरलं. बाईकचा सांगाडा त्याचा स्वतःचा, इंजिन दुसऱ्याचं. पळवल्यावर इंजिनच्या तक्रारी सुरू झाल्या. दुसऱ्याचं इंजिन किती दुरुस्त करायचं? त्याने ठरवलं, इंजिनसुद्धा आपणच बनवू. हे वाक्य बोलायला तीन सेकंद लागतात. प्रत्यक्षात क्रँककेस, सिलिंडर हेड, व्हॉल्व्हची यंत्रणा, सगळं कागदावर काढायचं, लाकडी साचे करायचे, अॅल्युमिनियम ओतायचं.

आणि ओतून झालं की काम संपत नाही. ओतीव अॅल्युमिनियम मऊ असतं. त्याला आधी पाचशे अंशांच्या वर तासनतास तापवायचं, मग झटकन थंड करायचं, मग पुन्हा कमी तापमानाला मुरवायचं, तेव्हा ते इंजिनाच्या लायकीचं कडक होतं. कारखान्यात यासाठी मोठाल्या भट्ट्या असतात. ब्रिटनकडे काय होतं? बायकोची, किर्स्टीनची, मातीची भांडी भाजायची भट्टी. त्यात इंजिनाचे भाग तापवले आणि थंड करायला स्विमिंग पूलचं पाणी बादलीने आणून ओतलं. ही गोष्ट इतक्यांदा सांगितली जाते की तिचा आता जोक झालाय, 'बघा, जुगाड!' मला ते पटत नाही. जुगाड म्हणजे नियम चुकवून काम भागवणं. इथे धातुशास्त्राचा नियम तंतोतंत पाळला होता, फक्त भट्टी कुंभाराची होती.

स्वतःच्या इंजिनाची बाईक घेऊन तो डेटोनाला जायला लागला. तिथे दोन सिलिंडरच्या बाईकची वेगळी रेस असायची. १९९१ मध्ये त्याची बाईक दुसरी आली. घरी बनवलेली बाईक मोठ्या कंपन्यांच्या पैशांसमोर दुसरी! कुणीही म्हणेल, आता हिलाच थोडं घासूनपुसून पुढच्या वर्षी पहिला नंबर काढू. ब्रिटनने इंजिनाचा मूळ आराखडा ठेवला आणि भोवतालची बाईक जवळजवळ नव्याने बनवायला घेतली. त्यातून आली ती व्ही१०००.

आता ही बाईक नीट डोळ्यांसमोर आणा. तिला चेसिस असा नाहीच. इंजिन हाच कणा, पुढचं-मागचं सगळं त्यालाच जोडलेलं. पुढे नेहमीचे दोन टेलिस्कोपिक फोर्क नाहीत, कार्बन फायबरचा गर्डर आहे. चाकंसुद्धा कार्बन फायबरची. मागच्या चाकाचा शॉक अब्सॉर्बर मागे नाहीच, तो इंजिनाच्या पुढे बसवलाय. आणि रेडिएटर? सीटच्या खाली!

का, ते सांगतो. नेहमीच्या बाईकमध्ये रेडिएटर पुढच्या चाकामागे आडवा उभा असतो, म्हणजे वाऱ्याला भिंतच. तो तिथून काढला की बाईक समोरून सुरीसारखी अरुंद होते. मग पुढच्या नाकातून हवा आत घेऊन ती नळीवाटे सीटखाली पोचवायची. बॉडीचा आकार काढायला त्याने आधी वाकवलेल्या तारा आणि गरम गोंद यांचा सांगाडा केला. नजरेने आणि हाताने. कॉम्प्युटरवर नाही.

वजन १३८ किलो. आपल्या १५० सीसीच्या बाईकच्या आसपास. पॉवर १६६ हॉर्सपॉवर.

पण कागदावरचे आकडे आणि पहिली राइड यांत फार अंतर असतं. घरी बनवलेल्या गाडीचं खरं दुखणं इथेच सुरू होतं. कंपनीची बाईक बाजारात यायच्या आधी तिचे कितीतरी नमुने लाखो किलोमीटर पळवून मोडलेले असतात. इथे नमुना एकच, आणि रायडर त्याच्यावरच बसलेला. क्राइस्टचर्चजवळ रुआपुना नावाचा छोटा ट्रॅक आहे, पण तो सपाट. डेटोनाची वळणं ३१ अंशांत तिरकी. त्या उतारावर अडीचशेच्या वेगाने बाईक शिरली की ती जमिनीत दाबली जाते, सस्पेन्शन खाली बसतं, घरी छान बसवलेलं सेटिंग तिथे चालेलच असं नाही. मग राइड करा, परत या, बदला, पुन्हा पाठवा.

इथे ब्रिटनने एक काम फार शहाणपणाने केलं होतं. बाईकवर कॉम्प्युटर होता आणि तो नोंदी ठेवायचा. फ्यूल इंजेक्शनचा प्रोग्राम बदलता यायचा. आज तुमच्या स्मार्टवॉचमध्येही यापेक्षा जास्त डेटा जमतो, पण १९९२ मध्ये खासगी टीमच्या घरगुती बाईकवर हे दुर्मिळ होतं. रायडर सांगतो, 'मधेच ओढत नाही.' मधेच म्हणजे कुठे? लॉग सांगतो, इतक्या आरपीएमला. बिघाड सापडायला निम्मा वेळ तर 'मधेच म्हणजे कुठे' हे ठरवण्यातच जातो, हे कोडवाल्यांना वेगळं सांगायला नको.

तर, वेल्ड केलेला लायनर घेऊन बाईक सुटली. रायडर अँड्र्यू स्ट्राउड. आणि ती नुसती टिकली नाही, तिने दुकातीशी सरळ मारामारी केली. ओव्हरटेक करताना ब्रिटनचं पुढचं चाक हवेत, ते दृश्य आजही लोक शोधून शोधून बघतात. स्ट्राउड पुढे होता. रात्री वेल्ड केलेला लायनर धरून होता. भट्टीत भाजलेलं इंजिन धरून होतं. बंद पडली ती विजेची बाजू. रेक्टिफायर गेला, म्हणजे जनरेटरची वीज बॅटरीला भरवणारा छोटासा भाग. इंजेक्शनला वीज लागते, ठिणगीला वीज लागते. वीज संपली, बाईक थांबली.

आणि हा रेक्टिफायर म्हणजे ब्रिटनने स्वतः न बनवलेल्या मोजक्या भागांपैकी एक. डोक्याला हात लावायची वेळ! पण मला त्या दिवशीचं हरणं फार महत्त्वाचं वाटतं, कारण यादी किती छोटी राहिली ते त्यातून कळलं. नवी बाईक, पहिली मोठी रेस, आणि रेसमध्ये सापडलेला दोष एक, तोही सुटा. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या आसनच्या ट्रॅकवर हीच बाईक जिंकली. मग १००० सीसीच्या गटात चार जागतिक वेगविक्रम आले, त्यात एका मैलाचा ताशी ३०२.७०५ किलोमीटरचा. आणि १९९४ मध्ये डेटोना. पुन्हा स्ट्राउड, या वेळी पहिला.

इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण त्याच १९९४ मध्ये आयल ऑफ मॅनच्या टीटी रेसच्या सरावात मार्क फार्मर हा रायडर ब्रिटन चालवताना अपघातात गेला. ती रेस सार्वजनिक रस्त्यांवर होते, दोन्ही बाजूंना घरं, दगडी भिंती. तिथे फॅक्टरीच्या बाईकवरही माणसं गेलीत, त्यामुळे बाईककडे बोट दाखवून मोकळं होणं बरोबर नाही. तरी ज्या माणसाने एकेक भाग हाताने बनवलाय, त्याला ती रात्र कशी गेली असेल, हा विचार मला सोडत नाही. आमचा सर्व्हर पडला की आम्ही मीटिंग घेतो. तेवढंच.

एक गोष्ट ठासून सांगायची आहे. इंटरनेटवर ही कथा 'एकटा माणूस, एक गॅरेज' अशी फिरते. अर्धीच खरी आहे. ब्रिटनच्या भोवती मित्र होते, वेल्डर होते, मशिनिस्ट होते, रात्री जागणारी माणसं होती. ब्रिटनचं एकट्याचं असं काय, तर 'असं का नाही करता येणार?' हा प्रश्न आणि तो विचारून झाल्यावर सगळ्यांना पहाटेपर्यंत कामाला लावायची ताकद. त्याच्याबरोबर काम करणं सोपं नसणार, हे १९९३ च्या 'ब्रिटन : बॅकयार्ड व्हिजनरी' या डॉक्युमेंटरीत स्पष्ट दिसतं. बघा नक्की.

१९९५ च्या बेअर्स जागतिक मालिकेत ब्रिटन बाईक पहिल्या आणि दुसऱ्या आल्या, स्ट्राउड आणि स्टीफन ब्रिग्ज. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जॉन ब्रिटन त्वचेच्या कॅन्सरने गेला. वय ४५. ऑर्डर घेतलेल्या बाईक अजून पूर्ण व्हायच्या होत्या. त्या त्याच्या टीमने पूर्ण केल्या. एकूण दहा बनल्या. त्यातली एक वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयाकडे आहे, गुलाबी-निळी. फोटो मिळाला तर झूम करून सीटच्या खाली बघा, रेडिएटर दिसतो का ते.